वजा केलेला थेंब

"मला माहीत नाही," सर म्हणाले, आणि ब्युरेटच्या तोटीवरची तिची बोटं जागच्या जागी थांबली. वाक्य तिला उद्देशून नव्हतं. प्रयोगशाळेतल्या पलीकडच्या टेबलाशी नवा माणूस रिकामा फ्लास्क हातात घेऊन उभा होता, त्याने सरांना काहीतरी विचारलं होतं आणि सरांनी उत्तर दिलं होतं, एवढंच. सर एकतीस वर्षं पाणी तपासत आले होते, महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते. इतक्या काळानंतर माणसाला एखादी गोष्ट माहीत नसली तर आभाळ कोसळत नाही. तिला लागलं ते वाक्य नव्हे, त्यातला आवाज. हलका, थोडा तरुण, खिशात हात घालून फिरायला निघालेल्या माणसाचा असावा तसा. अकरा वर्षांत हा आवाज तिच्या टेबलापर्यंत कधी आला नव्हता. तिच्याकडे सर यायचे ते आकडा न्यायला. "सातव्या नमुन्याचं काय?" ती सांगायची. "बरोबर," म्हणायचे आणि जायचे. त्या 'बरोबर'वर ती अकरा वर्षं जगली होती, आणि आज पहिल्यांदा तिला वाटलं की पाकिटावर शिक्का मारणारा टपाल कचेरीतला माणूसही याहून जास्त जीव ओतत असेल. तिने ब्युरेटकडे पाहिलं. सुरुवातीचं रीडिंग घेतलं होतं की नाही ते आठवेना. फ्लास्कमधलं पाणी तिने बेसिनमध्ये ओतून दिलं आणि नमुना नव्याने घेतला. निदान कुणी पाहिलं नव्हतं.

विचारलेलं अगदी साधं होतं. पाण्याचा जडपणा मोजायच्या आधी रोज सकाळी एक फ्लास्क नुसत्या शुद्ध पाण्याचा लावायचा, त्याला ब्लँक म्हणतात. त्यात रसायनं तीच, रंगही तोच. पाण्यात काही असेल तर रंग लाल येतो. मग ब्युरेटमधून द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं, लालाचा निळा झाला की थांबायचं, आणि किती द्रावण लागलं ते वहीत लिहायचं. जितकं जास्त लागेल तितकं पाणी जड. शुद्ध पाण्याला खरं तर काहीच लागायला नको, पण एकदोन थेंब लागतातच. ते दिवसभराच्या सगळ्या नमुन्यांतून वजा करायचे. "वजा करतो ते ठीक आहे सर," नवा माणूस म्हणाला होता, "पण ते जे आपण वजा करतो, ते असतं काय? येतं कुठून?" त्यावर सरांचं ते 'माहीत नाही', आणि वर, "एकतीस वर्षं वजा करतोय, कधी साधी विचारपूस केली नाही बघा त्याची." मग दोघं हसले, आणि सर त्याच्या टेबलाला टेकून अर्धा तास बोलत उभे राहिले. ती घड्याळाकडे पाहत होती असं नाही. घड्याळ समोरच होतं.

नवा माणूस दोन महिन्यांपूर्वी मातीच्या विभागातून बदलून आला होता. वयाने तिच्याएवढाच, चाळिशीला टेकलेला, आणि कामात गोगलगाय. ती जेवढ्या वेळात दहा नमुने हातावेगळे करी तेवढ्यात त्याचे चार होत. फ्लास्क हलवत, डोळे त्यात घालून, हा बुवा उभाच. शिवाय काहीही सांगितलं की, "मला कळलं नाही, पुन्हा एकदा सांगता का?" हे तो इतक्या निवांतपणे म्हणे की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी. स्टोअरकाकांनी आठवड्याभरात त्याचं नाव 'पुन्हा' ठेवलं. तिचं नाव त्यांनीच पूर्वी 'गाईड' ठेवलं होतं. कुठल्या रसायनाचं काय प्रमाण, कुठल्या नियमाचं कितवं कलम, सगळं तोंडपाठ. कौतुकाचंच नाव, असं ती मानत आली होती. त्या दुपारी डबा खाताना काका म्हणाले, "काय गाईड, आज पेपर पुस्तकाबाहेरचा आला म्हणे."

"कसला पेपर?"

"सरांना म्हणे कोडं पडलंय. तुमच्या त्या पुन्हाने घातलंय. सकाळपासून तीनदा स्टोअरमध्ये आले दोघं, पाण्याच्या कॅनचं झाकण हुंगून गेले. आता झाकण हुंगून काय कळतं ते त्यांना ठाऊक."

"काहीतरीच. ब्लँक असतोच. त्यात कोडं कसलं?"

"मला काय विचारता? मी बाटल्या मोजणारा माणूस." काकांनी डब्याचं झाकण पुसलं. "पण कानामागून आला आणि तिखट झाला बरं का. तुमचं पोट दुखत नाही ना?"

"माझं कशाला दुखेल?"

"सहज विचारलं. गोळ्या आहेत माझ्याकडे."

सगळे हसले, तीही हसली. तिला ठाऊक होतं की पोट नव्हे, त्याहून वर, बरगड्यांच्या मधोमध काहीतरी घट्ट होत चाललं होतं, आणि त्याला नाव द्यायला गाईड असायची गरज नव्हती. मत्सर हा शब्द तिला जुन्या पुस्तकातला वाटे, दागिने घातलेल्या बायकांचा. आपल्याला तो पांढरा कोट घालून, हातात पिपेट असताना, एका गबाळ्या माणसाच्या अज्ञानाबद्दल वाटावा? त्याच्याजवळ असं काय होतं जे तिच्याजवळ नव्हतं? ज्ञान तिच्याजवळ होतं. वेग होता, हात स्वच्छ होता. त्याच्याजवळ फक्त एक भोक होतं आणि सर त्या भोकात डोकावत उभे होते.

आणि हे तिने पूर्वी पाहिलेलं होतं. अप्पांचं चष्म्याचं दुकान होतं. रात्री जेवताना ते दोघा भावंडांना प्रश्न विचारत. तिला सगळं येई. "बरोबर," अप्पा म्हणत आणि पुढचा घास घेत. दादाला काही येत नसे, त्याचं लक्षच नसे. एकदा ती लागोपाठ सहा उत्तरं बरोबर देऊन बसली होती आणि दादा मध्येच म्हणाला, "अप्पा, जाड चष्म्यातून समोरच्याचे डोळे बारीक दिसतात, मग त्या माणसाला आरशात स्वतःचे डोळे बारीक दिसतात का?" अप्पांचा घास हातातच राहिला. "अरे," ते म्हणाले, आणि उष्ट्या हाताने उठले. दुकानाच्या पेटीतून भिंगं काढली, दादाला आरशापुढे उभं केलं, एक भिंग लावलं, दुसरं लावलं, "आता बघ, आता?" आई म्हणत राहिली, अहो जेवण गार होतंय. ती ताटावरूनच म्हणाली, "हो, दिसतात बारीक." तिने विचार करून काढलं होतं, चूक नव्हतंच. कुणी मान वळवली नाही. मग ती आणखी मोठ्याने म्हणाली, तेव्हा अप्पा आरशातूनच म्हणाले, "बरोबर," आणि तिसरं भिंग शोधू लागले. उत्तर दिलं की माणूस उठून जातो आणि न येणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो, हा हिशेब तिला त्या वयात मांडता आला नव्हता. तिने एवढंच ठरवलं की आपण आणखी उत्तरं पाठ करायची. दादा पुढे कुठे पहिला आला नाही, काही नाही. पण शेवटच्या आजारात अप्पा विचारत ते त्याच्याबद्दलच, "आला का गं तो? काहीतरी बोलत बस म्हणावं." औषधांच्या वेळा तिला विचारत.

जेवणानंतर तो 'पुन्हा' तिच्या टेबलाशी आला. त्याच्या कोटाच्या खिशाला शाईचा डाग होता, तो दोन महिने तसाच. "मॅडम, तुम्हाला काय वाटतं? रोजचा ब्लँक तुम्हीच करता, म्हणून विचारतो." ब्लँक तीच करायची हे खरं. दिवसभराची वजाबाकी ज्या आकड्यावर उभी, तो दुसऱ्या कुणाच्या हातात देणं तिला पटत नसे. "थोडं काचेतून येतं," ती मान वर न करता म्हणाली, "थोडं रसायनांतून, थोडं हवेतून."

"किती थोडं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काचेतून जास्त की रसायनांतून?"

"एकूण वजा होतंच ना? मग वेगवेगळं करून काय मिळणार?"

"तेच माहीत नाही," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे तिला अधिकच झोंबलं. तो गेल्यावर तिने खण उघडून एक कागद बाहेर काढला आणि परत वाचला. नव्या माणसाला दोन महिन्यांनी विभागात ठेवायचं की परत पाठवायचं, हा शेरा तिने लिहायचा होता, सोमवारी सर सही करणार होते. तिने लिहिलं होतं: 'तपासणीच्या नमुन्याचा आकडा सतत एकने कमी. काम काळजीपूर्वक नाही. मूळ विभागात परत पाठवावे.' यात खोटं काही नव्हतं. दर शुक्रवारी दोघांनाही एक नमुना मिळे, ज्याचा जडपणा दोनशे असल्याचं आधीच ठाऊक असे. तिचा आकडा दोनशे. त्याचा एकशे नव्व्याण्णव. आठ शुक्रवार, आठ वेळा एकशे नव्व्याण्णव. प्रत्येकापुढे तिने लाल शाईने फुली मारली होती, आणि प्रत्येक वेळी त्याने नमुना नव्याने तपासला होता आणि आकडा परत तोच आला होता. एकने काही बिघडत नाही, असं सर म्हणाले असते. पण मग सर तिच्याकडे आकडे न्यायला तरी कशाला यायचे?

शनिवारी अर्धा दिवस. सगळे गेल्यावर ती थांबली. प्रश्नाचं उत्तर सोमवारच्या आत शोधायचं आणि सरांच्या टेबलावर ठेवायचं, म्हणजे ती हसणी, ती झाकणं हुंगणी बंद. तिने ब्लँकच्या सगळ्या वह्या काढल्या, अकरा वर्षांच्या, आणि आलेखाच्या कागदावर ठिपके मांडू लागली. उन्हाळा-हिवाळा पाहिला, काही नाही. रसायनांची नवी बाटली उघडल्याच्या तारखा पाहिल्या, काही नाही. नवीन काचसामान, काही नाही. दोन थेंब, दोन थेंब, दोन थेंब, तिच्याच अक्षरात, मैलाच्या दगडांसारखे एकामागून एक. मग एका जागी एक. पुढे चार दिवस एक. परत दोन. तिने तारीख पाहिली. अक्षर सरांचं होतं. त्या आठवड्यात ती आजारी होती. तिने पानं उलटली. मुलीच्या जन्माच्या वेळची रजा: तीन महिने, एक, एक, एक, मध्ये एखादा दीड. अप्पा गेले तेव्हाचे तेरा दिवस: एक. तिच्या प्रत्येक रजेला ब्लँक एका थेंबाने उतरत होता आणि ती परत आली की चढत होता. इतका सरळ आलेख तिने आयुष्यात पाहिला नव्हता. विद्यार्थ्याने काढून आणला असता तर ती म्हणाली असती, आकडे बनवलेत तुम्ही.

मग तिने शुद्ध पाण्याचा फ्लास्क लावला आणि स्वतःच्या हाताकडे दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं तसं पाहिलं. रंग फिका लाल. एक थेंब, निळा. आणि मग, तिची बोटं तोटी बंद करण्याआधी, आणखी एक. न विचारता, पापणी लवावी इतक्या सहज. निळ्यात निळा थेंब पडला, काही दिसलं नाही. खात्रीचा थेंब. कॉलेजात तिच्या मॅडम म्हणायच्या, झाला असं वाटलं की एक टाकून बघ, बदलला नाही तर झाला. ते बघणं कधी सुटलं आणि टाकणं राहिलं, कोण जाणे. तिच्या नमुन्यांचं नुकसान होत नव्हतं: नमुन्यात एक जास्त, ब्लँकमध्ये एक जास्त, वजाबाकीत दोन्ही गेले. तिचे दोनशे दोनशेच होते. पण त्याच्या नमुन्यात जास्तीचा थेंब नव्हताच, आणि त्यातून तिचा ब्लँक वजा होत होता, तिच्या खात्रीच्या थेंबासकट. एका थेंबाचा आकडा किती, हे गाईडला कागदावर मांडायचीही गरज नव्हती. एक. तो आठ शुक्रवार बरोबर होता. लाल फुल्या तिच्या होत्या.

रविवारी तिने हे कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं असतं तरी काय? कुणाला काही कळणार नव्हतं. शेरा खणात होता, वह्या कपाटात, आणि माणूस एकदा मातीत परत गेला की पाण्यातला प्रश्न घेऊन बसणार नव्हता. संध्याकाळी नवरा आणि मुलगी जमिनीवर पालथे पडून एका मुंगीच्या मागे लागले होते. ती भिंतीला किती सरळ रेषेत चढते यावर दोघांची पैज होती. मुलगी म्हणाली, "बाबा, मुंगी खाली पडली तर तिला लागतं का?" "काय की," नवरा म्हणाला. "पाडून बघायची?" "नको रे, खरंच लागलं तर?" तिला उत्तर माहीत होतं. हलक्या जिवाला हवाच झेलते, लागत नाही. ते तिच्या ओठांवर आलं आणि ओठांवरच राहिलं. नंतर केस विंचरताना तिने विचारलं, "तू हल्ली मला काही विचारत नाहीस गं."

"तुला सगळं माहीत असतं ना आई."

"मग तर विचारायला हवं."

"तू लगेच सांगतेस," मुलगी म्हणाली, तक्रारीच्या सुरात नव्हे, जसं कुणी म्हणेल की आपल्याकडे सकाळी ऊन येतं. "मग संपतं."

कंगवा गुंत्यात अडकला. तिने तो हळू सोडवला.

सोमवारी ती लवकर गेली आणि सर आल्याबरोबर आलेखाचा कागद आणि खणातला शेरा त्यांच्यापुढे ठेवला. यात काही थोरपणा होता असं तिने स्वतःला कधी सांगितलं नाही. सकाळी चपला घालताना तिला एवढंच दिसलं होतं की तो 'पुन्हा' आज ना उद्या वह्या मागणार, मातीत परत गेला तरी मागणार, आणि त्या रजांच्या खड्ड्यांवर बोट ठेवून म्हणणार, "हे असं का?" तो असा तिच्या आत हात घालून ते बाहेर काढील, हे तिला सहन झालं नसतं. निदान हे तरी तिने शोधलेलं असावं. सरांनी आलेख वाचला, चष्मा वर केला, परत वाचला. पुन्हालाही बोलावून घेतलं. तिने सगळं सांगितलं: थेंब, वजाबाकी, आठ फुल्या. वर्गात प्रमेय मांडावं तसं, कुठेही न अडखळता.

"मग हा शेरा?" सर म्हणाले.

"फाडा तो. मी दुसरा लिहिते."

"बरोबर," सर म्हणाले आणि शेऱ्याचे दोन तुकडे केले. तिने पुन्हाकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. रागाचं काय करायचं ते तिला येत होतं. तो आलेखावर वाकला होता.

"म्हणजे एक थेंब तुमचा," तो म्हणाला. "आणि उरलेला एक?"

"उरलेला रसायनांचा असेल," सर म्हणाले.

"असेल." मग तो तिच्याकडे वळला. "मॅडम, पण तो जास्तीचा का टाकता तुम्ही?"

"निळा झालाय याची खात्री."

"झाला की दिसतो ना. त्याच्या आधी काय दिसतं तुम्हाला?"

"आधी लाल."

"लाल आणि निळा यांच्या मध्ये?"

या वेळी तिला कुठलं कलम आठवेना. अकरा वर्षं, दिवसाला तीस नमुने, आणि मध्ये काय असतं ते तिने पाहिलं नव्हतं. तिथून ती नेहमी धावत गेली होती. "तुम्हाला काय दिसतं?" तिने विचारलं. स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही.

"चला, बघू," तो म्हणाला.

नळाच्या पाण्याचा नमुना त्याने लावला आणि फ्लास्क तिच्या हातात दिला. तोटी स्वतःकडे ठेवली. "तुम्ही नुसता हलवा. मी सोडतो. हो म्हणाल तेव्हा थांबतो." मागे कुणाचा तरी फोन वाजला. सर घ्यायला उठून गेले की तिथेच होते, ते तिला नंतर आठवेना. लाल गडद होता, मग त्याची कड सैल झाली. "सावकाश," ती म्हणाली. थेंब पडला, त्याच्याभोवती निळं वर्तुळ उमटलं आणि हलवताच विरून गेलं. आणखी एक. वर्तुळ जरा जास्त टिकलं. "थांबा," ती म्हणाली, आणि तो थांबला. फ्लास्कमध्ये जांभळा होता. लाल गेला नव्हता, निळा आला नव्हता. उजेडाकडे धरला की एक, सावलीत धरला की दुसरा, आणि मनगट किंचित फिरलं की दोन्ही. काय व्हायचं हे त्याचं अजून ठरत नव्हतं आणि त्याला घाई नव्हती.

"हा किती वेळ राहतो?"

"राहू देऊ तितका वेळ."

त्याने तोटीवरून हात काढून घेतला. तिने फ्लास्क खिडकीकडे धरला आणि तशीच उभी राहिली. दोन महिने, पलीकडच्या टेबलाशी, दिवसाला दहा-बारा वेळा, हा माणूस हे एकटाच पाहत होता. बरगड्यांच्या मधोमध ते परत घट्ट झालं. पण आता त्यात सर नव्हते, अप्पा नव्हते, आरशापुढचा दादाही नव्हता. फक्त हा रंग होता, आणि तो आधी त्याला दिसला होता.

"पुढचा नमुना मी लावते," ती म्हणाली. "तुम्ही मध्ये बोलू नका."